पाठमोरी ओळ

काकांच्या कवळीचे दोन तुकडे रुमालात बांधून मी दातांच्या त्या लॅबची पायरी चढले, तेव्हा प्रेमात वगैरे पडण्याचा माझा अजिबात विचार नव्हता. कवळी बेसिनमध्ये पडून तुटली होती. काका सकाळपासून ओठ घट्ट मिटून बसले होते, आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली होती.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे जण एकाच विनोदाला हसल्यासारखे. वितळलेल्या मेणाचा गोडसर वास. खिडकीशी एक हिरवा ॲप्रनवाला वाकून, बारीक ब्रशने कुणाच्या तरी दाताला पिवळसर छटा देत होता. मी तुकडे पुढे ठेवले. त्याने ते जोडून पाहिले, तासभर लागेल म्हणाला आणि बाकाकडे बोट दाखवलं. आवाज जरा सपाट होता... पण डोळे! मी बोलायला लागल्यापासून थांबेपर्यंत ते माझ्यावरून हलले नाहीत. इतकं मन लावून माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि मी तर नुसती कवळी कशी तुटली ते सांगत होते.

बाकावर बसून मी फोनवर ती फिल्म लावली. मुकी फिल्म. मानेपर्यंत केस वाढवलेला एक मुलगा माइकसमोर जीव तोडून गातोय आणि आवाज अजिबात नाही. त्याच्या ओठांकडे बघत मी नेहमीसारखी पुटपुटायला लागले, "पाऊस... पाऊस सगळा..."

"पाऊस नाही म्हणत तो," बाजूने आवाज आला. हिरवा ॲप्रन हात पुसत उभा होता. "पायऱ्या म्हणतोय. 'पायऱ्या सगळ्या.'"

तुम्हाला कसं कळलं, असं मी फोनवर आणखी वाकून, वर न पाहता विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. शेवटी वर पाहिलं, तर तो शांतपणे माझ्याकडे बघत होता.

"काही विचारलंत का? मग असं वर बघून विचारा. मी डोळ्यांनी ऐकतो."

लहानपणी तापात त्याचे कान गेले होते. तोवर बोलणं पक्कं झालेलं असल्याने ते राहिलं. बाकी सगळं तो ओठांवरून वाचायचा. हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की मला अवघडायलाही वेळ मिळाला नाही. मी नुसतं म्हटलं, "मग एवढं एक गाणं वाचून द्याल?"

आता हे गाणं काय होतं, ते सांगायला हवं.

काका तरुणपणी एका रॉक बँडमध्ये होते. बँडचं नाव 'तिसरा मजला', कारण एका छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये त्यांची तालीम चालायची. चौघे जण. काका बेस गिटार वाजवायचे, आणि गाणारा होता त्यांचा जिवलग मित्र. शब्दही त्याचेच. एके काळी शहरात त्यांची हवा होती. पुढे रेडिओवाल्यांनी त्यांच्या टेपांवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलं, रेकॉर्ड कंपनीच्या गोदामात पाणी शिरलं, आणि 'तिसरा मजला' लोकांच्या आठवणीपुरता उरला.

मी एका ध्वनिसंग्रहालयात जुन्या टेपा दुरुस्त करते. आईबाबा दुसऱ्या गावी असल्याने मी काकांकडे राहते, आणि काका मला 'कानसेन' म्हणतात. जगभराच्या टेपा वाचवायच्या आणि घरच्या बँडचं एक गाणं आपल्याकडे नसावं, हे मला खुपत होतं. म्हणून वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी वणवण केली. जिथे स्टुडिओ होता तिथे आता सायकलींचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर जुन्या टायरांच्या मागे एक टेप मिळाली. त्यात त्यांचं शेवटचं गाणं होतं—पण नुसतं वाजवलेलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी शब्द तयारच नव्हते. मग गाणाऱ्याची बहीण शोधून काढली. तिच्या शिलाई मशीनच्या खणात फिल्मचं एक रीळ निघालं. शेवटच्या कार्यक्रमात तिच्या नवऱ्याने नव्या कॅमेऱ्याच्या हौसेने मेव्हण्याच्या अगदी तोंडाशी जाऊन घेतलेलं. त्यात तो तेच गाणं गात होता, शब्दांसकट. फक्त आवाज नव्हता.

आणि शब्द काकांना आठवत नव्हते. आठवत नव्हते म्हणजे... त्यांनी ते ऐकलेच नव्हते. त्या आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काकांनी बँकेतली नोकरी धरली होती आणि मित्राला ते दगा दिल्यासारखं वाटलं होतं. स्टेजवर काका त्याच्याकडे पाठ करून, स्पीकरकडे तोंड करून वाजवत राहिले. कार्यक्रम संपला आणि मित्र निरोप न घेता दुसऱ्या शहरात निघून गेला. तिथेच काही महिन्यांत आजारी पडून गेला. काकांनी त्यानंतर गिटार हातात घेतली नाही. एकदाच, चहा पिता पिता म्हणाले होते, "जाताना मला शिव्या घालून गेला असणार. गाण्यात घातल्या असणार. शिव्याही चालीत बसवायचा लेकाचा."

माझ्या शोधाला त्यांनी कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तर दर शनिवारी दुपारी तो हिरवा ॲप्रनवाला आमच्याकडे यायला लागला. काकांनी पहिल्याच दिवशी त्याला 'दंतोपंत' करून टाकलं. नवी जुळवलेली कवळी घालून ते भलतेच खुशीत होते. दंतोपंत आधी खोलीभर नजर फिरवायचा, मग माझी खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवायचा, म्हणजे माझ्या तोंडावर उजेड येईल. मी फिल्म पुढेमागे करायची, तो वाचायचा, मी टाइप करायची. गाणाऱ्याचे ओठ वाचणं सोपं, असं त्याचं म्हणणं. गाताना माणूस तोंड नीट उघडतो, बोलताना कंजूषपणा करतो.

अडचण वेगळीच होती. ओठांवर प, ब आणि म अगदी सारखे दिसतात. पायऱ्या सगळ्या 'पाठ' आहेत की 'माठ' आहेत, यावर अख्खी एक दुपार गेली. काकांचं मत पडलं की तो दोन्ही लिहू शकला असता.

"परवा तुम्ही मैत्रिणीला फोनवर माझ्याबद्दल सांगत होतात," दंतोपंत मधेच म्हणाला. "'बोर आहे' म्हणालात... की 'मोर आहे'? मला दोन्ही सारखंच दिसलं."

माझे कान तापले. "दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकू नये."

"ऐकलं नाही हो. पाहिलं."

"बोर म्हटलं होतं."

"बरं," तो पुन्हा पडद्याकडे वळत म्हणाला. "मग मी मोर धरून चालतो."

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी मैत्रिणीशी त्याच्याबद्दल बोलतच नव्हते. पण ते सांगायचं राहूनच गेलं.

हळूहळू माझ्या काही सवयी बदलल्या. हसताना तोंडावर हात न्यायची, तो जाईना झाला. केस कानामागे जायला लागले. बोलता बोलता दुसऱ्या खोलीत निघून जायची खोड सुटली. एका शनिवारी बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याने विचारलं, हे गाणं चालतं कसं? शब्द दिसतात, पण त्यांची चाल दिसत नाही. मी टेबलावर ठेका धरून दाखवला. त्याने टेबलावर हात ठेवून पाहिला, मान हलवली—नीट कळत नव्हतं. मग मी... त्याच्या हाताच्या पाठीवर बोटांनी वाजवलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. तिसरी संपल्यावर दोघांपैकी कुणीच हात काढला नाही. काका आतून चहा घेऊन आले तेव्हा दोघांनी एकदमच काढला.

ओळी अशा निघाल्या:

दिवा नको, अंधार चालेल,
पायऱ्या सगळ्या पाठ आहेत,
तू तार लाव, मी निघालो...

'तार' म्हणताच काका सरसावून बसले. तू तार लाव, मी निघालो. म्हणजे मी येतोच आहे, तू वाजवायला बस. पण दंतोपंताने मला तो तुकडा पुन्हा लावायला लावला. मग त्याने सांगितलं, की त आणि दसुद्धा ओठांवर सारखेच. ते 'तार' असेल, किंवा 'दार' असेल.

तू दार लाव, मी निघालो.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न घालता हातातच ठेवला. चौथ्या ओळीवरून काय ते ठरलं असतं. पण नेमका त्या ओळीला गाणारा मागे ड्रमवाल्याकडे वळला होता, नुसते केस आणि गालाची कड दिसत होती. तेच कडवं पुन्हा आलं तेव्हा ती ओळ यायच्या आत रीळच संपलं होतं.

"मला बघू द्या," दंतोपंत म्हणाला. त्याने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग एकदा काकांकडे पाहिलं. "गालावरून थोडं कळतंय," तो हळूच म्हणाला. "तू बोलत राहा... मी बघत राहतो. असं काहीतरी."

काकांनी ती ओळ परत म्हणायला लावली. त्याने म्हटली. काका उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी दंतोपंताला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा माझे डोळे भरले होते, आणि त्याने, का कोण जाणे, माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी टेप लावली आणि शब्द चालीवर बसवायला घेतले. पहिल्या तिन्ही ओळी मापात बसल्या. चौथी बसेना. चौथ्या ओळीला चाल मधेच तुटते, जेमतेम चार-पाच अक्षरं मावतील एवढीच जागा. ओढून पाहिलं, दाबून पाहिलं. ती ओळ त्या गाण्याची नव्हतीच. चौथीचा ठेका मी त्याच्या हातावर कधी वाजवला नव्हता ना... त्याने तिसरीच्या मापाने शिवली होती.

संध्याकाळी लॅबमध्ये गेले. त्याने मला पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

"कुठे दिसली तुम्हाला ती ओळ?"

"नाही दिसली," तो म्हणाला.

मग सावकाश सांगत गेला. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते, जसा तो जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघत आलाय तसे. त्यांना काही दिसलं नाही म्हणून सांगणं त्याला जमलं नाही. चूक झाली, हे त्याला घरी पोचेपर्यंतच कळलं होतं. मी त्याला म्हटलं, की काका दोन दिवस ती ओळ गुणगुणतायत. गेलेल्या माणसाच्या तोंडी तुम्ही तुमचं वाक्य घातलंत. वर्षभर मी खरं काय ते शोधत हिंडले, आणि तुम्ही ते एका दुपारीत शिवून टाकलंत. आवाज चढला होता माझा. त्याचा त्याच्यावर काय परिणाम होणार म्हणा, पण चढला होता.

"काकांना मी स्वतः सांगेन," तो म्हणाला. "फक्त मला फिल्म द्या. आणि थोडे दिवस."

"आणि ते वाक्य आणलंत कुठून?"

त्याने मान खाली घातली. मान खाली घातली की त्याच्याशी पुढे भांडता येत नाही, ही त्या माणसातली फार मोठी गैरसोय आहे. मी फिल्मची प्रत पाठवून दिली आणि निघून आले.

पुढचा शनिवार तो आला नाही. खिडकीपाशी नेलेली खुर्ची तिथेच राहिली, आणि मी दिवसभर उगाच खोलीच्या मधोमध उभी राहून कामं करत होते. काकांना मी काही सांगितलं नाही. त्यांनीही तो का आला नाही ते विचारलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी कपाटावरून गिटारची पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि तारा आणायला मला बाजारात पिटाळलं.

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दंतोपंत दारात उभा होता, केसांवर पावसाचे बारीक थेंब, कुशीत लॅपटॉप. तो माझ्याशी काही न बोलता सरळ काकांसमोर जाऊन बसला आणि त्याने सांगून टाकलं, की चौथी ओळ खोटी होती. ती मला दिसली नाही. मी बनवली. माफी मागायला आलोय.

काका नव्या तारा चढवत होते. त्यांनी मान डोलावली, जसं कुणी हवामान सांगितल्यावर डोलावतात.

"पण दुसरं एक दिसलंय," तो म्हणाला आणि त्याने लॅपटॉप उघडला. "मी इतके दिवस नुसतं तोंड बघत होतो. माझी सवयच ती. हात पाहायला हवा होता."

तिसरी ओळ. गाणाऱ्याचा चेहरा पडदाभर. दंतोपंताने चित्र थांबवलं आणि चौकटीच्या अगदी कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे माइकशेजारी गाणाऱ्याचा डावा हात वर आला होता. त्याने चित्र हळूहळू पुढे नेलं. अंगठा आणि दोन बोटं हवेत काहीतरी पिळत होती, बारीकसं, जपून. गिटारची खुंटी पिळावी तसं.

दार लावताना असा हात कुणी करत नाही.

काकांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. "माझी वरची तार उतरायची," ते म्हणाले. "दर गाण्याला उतरायची. तेव्हा तो असा हात करून मला चिडवायचा. लोकांसमोर." थोडा वेळ ते त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिले. "मी पाठ करून उभा होतो ना... आणि हा तिकडे हात करतोय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला, नाक पुसलं, आणि एकदम नेहमीचे काका होऊन दंतोपंताकडे वळले.

"चौथी ओळ आता शिवी असली तरी चालेल. तिसरी माझी आहे." मग ते मुद्दाम तोंड त्याच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आणि तू केलेली ओळ त्याची नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. 'तू बोलत राहा' म्हणे. तो मला जन्मात एक वाक्य पुरं करू द्यायचा नाही. गोड वाटली म्हणून दोन दिवस ठेवून घेतली, एवढंच. पण मला सांग, गाण्यात 'बघत राहतो' कोण म्हणतं? आम्ही तर डोळे मिटून वाजवायचो. ही ऐकणाऱ्याची ओळ नाही, बाबा. ही बघणाऱ्याची आहे. कुणासाठी केलीस?"

दंतोपंताचे कान लाल झाले. एरवी त्या कानांचा काही उपयोग नसला, तरी लाल व्हायचं काम ते चोख करत होते. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर समोरच्या छपरावरून पाण्याची एक सरळ धार पडत होती आणि मी तिच्याकडे अशी बघत होते, जणू ती मी पूर्वी कधी पाहिलीच नव्हती.

काका गिटार उचलून उभे राहिले. "मला ऐकू येतं," ते म्हणाले, "म्हणून मी आपला आत जातो."

आतलं दार लागलं. थोड्या वेळाने पलीकडून तार जुळवल्याचा जाड, घुमणारा आवाज यायला लागला.

"वळा ना," तो म्हणाला. "पाठीवरून मला काहीच कळत नाही. एकदा कळल्यासारखं केलं, त्यात एवढा घोळ झाला."

मला हसू आलं. ते त्याला माझ्या खांद्यांवरून दिसलं असणार, कारण त्याचा आवाज जरा सैल झाला.

"चालीत बसत नाही, माहीत आहे मला," तो म्हणाला. "गाण्यात नको. पण ओळ खरी आहे. पहिल्या दिवशी तुम्ही कवळी कशी तुटली ते सांगत होतात... तेव्हापासून खरी आहे."

मी वळले. तो बसल्या जागेवरून अर्धवट उठला होता, आणि त्याची ती नजर माझ्या तोंडावर येऊन थांबली होती, सगळं ऐकायला तयार. मला काय काय म्हणायचं होतं. शनिवार किती लांब गेला, मी किती रागावले होते, आणि राग गेल्यावर खाली काय सापडलं. त्यातलं एकही पुढे येईना. आलं ते भलतंच.

"ओळीत बरं 'तू' म्हणता येतं," मी म्हटलं. "समोर मात्र 'तुम्ही'?"

"तुम्हीही 'तुम्ही'च म्हणता."

"आधी कुणी बनवली ओळ?"

तो एक पाऊल पुढे आला. तोंड उघडलं, मिटलं, बंद दाराकडे एकवार पाहिलं. मग त्याने आवाज मुळीच न काढता, नुसत्या ओठांनी मला हाक मारली. एका अक्षराची.

मला ती पहिल्याच फटक्यात वाचता आली.